खडू मागणारा हात

माझ्या लेकीला शाळेत मला आई म्हणायची बंदी होती. ती बंदी मीच घातली होती. आसनगावच्या घरात तिच्या वेण्या घालताना मी आई असायचे, गाडीतून खर्डीला उतरेपर्यंत आई असायचे, आणि स्टेशनाबाहेर रिक्षात पाय ठेवला की बाई व्हायचे. रिक्षात शाळेच्या गावची माणसं असत, त्यांच्यासमोर लाडीगोडी नको म्हणून. पहिलीत असताना एकदा भर प्रार्थनेला ती "आई, माझी रिबीन सुटली" म्हणून ओरडली. सगळी शाळा हसली. मी तिच्याकडे नुसतं पाहिलं. त्यानंतर ती कधी चुकली नाही. पुढे पुढे तर घरी भाजी वाढतानाही तिच्या तोंडून "बाई, बास" निघून जायचं आणि तिच्या बाबांना हसू आवरायचं नाही. मीही हसायचे. शिस्त अंगात मुरली म्हणून मला बरंच वाटायचं.

मी मूळची मुरबाडची, म्हसा गावाच्या अलीकडच्या एका गावातली. घरी भातशेती. डी.एड. करून नव्वदच्या दशकात नोकरीला लागले तेव्हा शहापूर तालुक्यातली ही आडबाजूची शाळा मिळाली. पुढे लग्न झालं, नवऱ्याची नोकरी कल्याणला म्हणून आसनगावला बिऱ्हाड केलं. सकाळी तो एका दिशेला जायचा आणि आम्ही मायलेकी उलट दिशेला. आमच्या चाळीतल्या बायका आपापल्या पोरांना शहापूरला इंग्रजी शाळेत घालत होत्या. मी माझी पोर माझ्याच जिल्हा परिषदेच्या शाळेत घातली आणि ते चारचौघांत सांगत फिरले. "आपलाच आपल्या शाळेवर विश्वास नाही, तर लोकांनी का ठेवावा?" हे माझं ठरलेलं वाक्य होतं. घरी पोरीला सांभाळायला कुणी नव्हतं, हे दुसरं कारण मी सांगत नसे.

शाळा दोन शिक्षकांची. पहिली-दुसरी गुरुजींकडे, तिसरी-चौथी माझ्याकडे. गुरुजी निवृत्तीला टेकलेले, कमी बोलणारे. त्यांचा वर्ग आणि माझा वर्ग यांच्यामध्ये एकच भिंत होती, तीही वरपर्यंत न पोचलेली.

लेक तिसरीत माझ्या वर्गात आली आणि पहिल्याच आठवड्यात ठिणगी पडली. शाळेत खिचडी शिजवायला गावातल्या एक आजी यायच्या. त्यांचा नातू माझ्याच वर्गात होता. मी त्याला पट्टी मारली होती. कशावरून, ते आता आठवतही नाही. आजी चुलीपाशी बसून, मला ऐकू जाईल अशा बेताने, पाणी भरणाऱ्या बाईला म्हणाल्या, "मार आपल्या पोरांना बसतो गो. बाईंची पोर हाय, तिला कोन हात लावतंय?"

झालं, माझं डोकं फिरलं. मी लहानपणापासून अशीच. कुणी उणा शब्द काढला की तो खोटा पाडल्याशिवाय मला जेवण जात नाही. आजींना उत्तर द्यायला हवं होतं, नाहीतर सरळ कानाआड करायला हवं होतं. मी दोन्ही केलं नाही. मी वर्गात गेले आणि उत्तर माझ्या लेकीच्या हातावर लिहिलं.

खिचडीसाठी पोरं घरून स्टीलच्या ताटल्या आणायची. दप्तराला टेकवून ठेवलेली ताटली जरा धक्का लागला की फरशीवर पडायची आणि गरगर फिरत खणखणत राहायची. फोडणीचा वास आला की काही पोरं मुद्दामही पाडायची. माझ्या वर्गातला सगळ्यात मोठा गुन्हा तो. ताटली वाजली की पट्टी, हा नियम आधीपासूनच होता. आता मी त्यात भर घातली. ताटली कुणाचीही वाजो, पहिली पट्टी माझ्या लेकीला. त्याला कारण हवं म्हणून तिला वर्गाची मॉनिटर केली. मॉनिटरने वर्ग सांभाळला नाही, तर शिक्षा आधी मॉनिटरला. कुणी नाव ठेवायला जागाच ठेवली नाही.

"हात पुढे. सरळ. बोटं ताठ." एवढं म्हणायचे. काही महिन्यांनी तेही म्हणावं लागेना. मी जोरात मारत नसे, असं मी म्हणायचे. माझ्या हाताला अंदाज आहे, असंही म्हणायचे. ती रडत नसे, म्हणून मला ते खरं वाटायचं.

आजींना ते पाहवलं नाही. एक दिवस खिचडीचं पातेलं उतरवून त्या दारापर्यंत आल्या आणि म्हणाल्या, "बाय, मी आपली बोलून गेले. तुमी मनावर घेतलं. नका मारू पोरीला, माझ्यापायी तर नकाच नका." त्यांचे डोळे पाणावले होते, धुराने असेल नाहीतर कशाने. मी मान ताठ ठेवून म्हणाले, "आजी, नियम म्हणजे नियम. तो सगळ्यांना सारखा." किती बरं वाटलं होतं मला ते म्हणताना! केंद्रशाळेत आम्हा शिक्षकांची महिन्याची बैठक असायची. तिथंही माझा हा लौकिक पोचला होता. "बाई स्वतःच्या पोरीलाही सोडत नाहीत," असं कुणी म्हणालं की मी, त्यात काय एवढं, अशा थाटात खाली बघायचे. आतून मात्र फुलून यायचे.

ती चौथीत गेली त्या वर्षी आम्हाला नवे केंद्रप्रमुख मिळाले. आजूबाजूच्या शाळा ज्यांच्या देखरेखीखाली असतात ते साहेब. हे तरुण होते, कुठलंसं प्रशिक्षण घेऊन आले होते आणि त्यांच्या डोक्यात एक कल्पना होती. बैठकीत म्हणाले, "आपण शिकवताना कसे दिसतो, हे जगातल्या सगळ्यांना दिसतं, फक्त आपल्याला दिसत नाही. एकेका पाठाचं शूटिंग करा. आधी एकट्याने बघा. मग वाटलं तर इथं सगळ्यांना दाखवा. यात तपासणी नाही, शेरा नाही. फक्त बघायचं आणि स्वतःच स्वतःला सुधारायचं."

यावर कुणाचा विश्वास बसला नाही. साहेब वर्गात येणार आणि शेरा नाही, असं आमच्या नोकरीत कधी झालंच नव्हतं. गुरुजी माझ्या कानाशी पुटपुटले, "माझं आता निवृत्तीला आलंय. आता मला माझं तोंड बघून काय करायचंय?" बाकीचे एकमेकांकडे बघत राहिले. मी हात वर केला. सगळ्यांत आधी.

माझा मामेभाऊ मुरबाडला लग्नाच्या शूटिंगचा धंदा करायचा. साखरपुडा, हळद, लग्न, म्हशाच्या जत्रेतले बैल, जे मिळेल ते. श्रावणात लग्नं नसतात, तेव्हा तो रिकामाच होता. "ताई, शाळेचं शूटिंग म्हंजे काय करायचं नक्की?" त्यानं विचारलं. मी म्हणाले, "मी शिकवते ते घ्यायचं. फळा दिसला पाहिजे आणि मी." तो म्हणाला, "समजलं. नवरीवर फोकस."

आदल्या दिवशी मी तोच पाठ वर्गात दोनदा घेतला. तिसरी-चौथी मिळून अपूर्णांक. कुणी कुठल्या प्रश्नाला हात वर करायचा, टाळ्या कधी वाजवायच्या, सगळं बसवून घेतलं. अगदी गॅदरिंगच्या नाचासारखं. घरी पहाटे तांदळाची भाकरी थापली, अर्धी आणि चतकोर करून दाखवायला. ठेवणीतली साडी नेसले. आणि शाळेत गेल्यागेल्या पट्टी उचलून कपाटात नकाशांच्या मागे टाकली. पट्टी लपवावीशी वाटली, तिथंच खरं तर मला थांबायला हवं होतं. मला वाटलं, टेबल आवरलं.

मामेभाऊ मोटारसायकलवर कॅमेरा प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून आला. शाळेत वीज नव्हती. "तुझ्या वर्गात उजेड नाय ताई, चेहरे काळे येतील," म्हणत त्यानं पोरांना दाराकडे सरकवलं, लेकीला ऐन उजेडात पुढे बसवलं. पाठ सुरू झाला. मी भाकरी मोडली, अर्धी दाखवली, चतकोर दाखवला. पोरं शिकवल्याप्रमाणे हात वर करत होती. आणि हा गडी फळा सोडून एकेका पोराच्या तोंडावरून कॅमेरा फिरवत होता, पंगतीत फिरवतात तसा. मी डोळ्यांनी खुणावलं, फळा घे, फळा. तो आपला मान डोलवून पुढच्या पोराकडे. मधल्या सुट्टीत मी झापलं तेव्हा म्हणाला, "असं कसं? लग्नात एक चेहरा सुटला तरी भावकी भांडायला येते."

पाठ रंगात आला होता. "दोन चतकोर म्हणजे अर्धी भाकर. मग हे फळ्यावर कोण लिहून दाखवेल?" असं मी विचारलं आणि नेमकी मागे कुणाची तरी ताटली पडली. खणखणत फिरत राहिली. मी वळले. कपाळाला आठी आलीच असणार. पण लगेच कॅमेरा आठवला आणि मी हसले. समोर पाहते तर लेकीचा हात पुढे. मला वाटलं, खडू मागते. केवढी धिटाई! मी तिच्या हातावर खडू ठेवला आणि म्हणाले, "शाब्बास, ये." ती क्षणभर खडूकडे बघत राहिली. मग उठली, फळ्यापाशी गेली आणि गोल गोल अक्षरात बरोबर लिहून आली. पोरांनी बसवल्याप्रमाणे टाळ्या वाजवल्या. अभिमानाने माझा ऊर भरून आला होता.

परतताना खर्डी स्टेशनवर मी तिला वडा घेऊन दिला. स्टेशनावर आलो की मी पुन्हा आई व्हायचे, पण त्या दिवशी ती अजून शाळेतच होती. वडा हातात धरून म्हणाली, "बाई, ताटली कोनाची पडली ते तुमी विचारलंच नाय."

"जाऊ दे गं. आज शूटिंग होतं ना," मी म्हणाले.

तिनं मान डोलवली, समजल्यासारखी. मग वडा खाल्ला. मला वाटलं, किती जबाबदार मॉनिटर आहे ही.

सीडी तयार व्हायला बरेच दिवस लागले. बैठकीच्या दिवशी सकाळी मामेभाऊ शहापूरच्या स्टँडवर भेटला आणि ती हातात देत म्हणाला, "भाचीचा एक शॉट असा लावलाय ना ताई, रडशील बघ." साहेबांनी बजावलं होतं, आधी एकट्याने बघा. पण आमच्याकडे शूटिंग कुणी एकट्याने बघतं का? ते चार माणसं जमवूनच बघायचं असतं. शिवाय मला भीती कसली होती? मी तशीच केंद्रशाळेत गेले आणि पिशवीतून सीडी काढून साहेबांपुढे ठेवली. इतर कुणीच आणली नव्हती.

टेबलावर टीव्ही मांडला होता. आम्ही शिक्षक पोरांच्या बाकांवर गुडघे दुमडून बसलो. सीडी सुरू झाली आणि पडद्यावर वरून गुलाबाची फुलं पडू लागली. सनई सुरू झाली. फुलांमधून आधी शाळेचं नाव आलं, मग माझं. मामेभावानं लग्नाचाच साचा वापरला होता. सगळे पोट धरून हसले. "अहो, अक्षता वाटा कुणीतरी," मागून कुणी म्हणालं. मीही हसले. त्या बैठकीत मी खरी हसले ती तेवढीच.

मग माझा आवाज आला. बाहेरून ऐकताना तो केवढा कर्कश वाटला! पोर उत्तराचा पहिला शब्द उच्चारते न उच्चारते तोवर बाकीचं उत्तर मीच देऊन टाकत होते. मी मुलांना बोलतं करते, असं मला इतकी वर्षं वाटत होतं. कान गरम झाले. पण तेवढं सोसण्यासारखं होतं. घरी जाऊन सुधारता येईल, असं मी मनाशी म्हणतही होते. तेवढ्यात पडद्यावर ताटली वाजली.

आणि चित्र संथ झालं. ताटलीचा आवाज विरून त्याजागी बासरी आली. पडद्याच्या कडा गुलाबी झाल्या आणि मधोमध बदामाचा आकार उमटला. पाठवणीच्या वेळी नवरी आईच्या गळ्यात पडते, तिथं लावतात तसा. भाचीचा शॉट तो हाच.

त्या बदामात माझी पोर होती. मान खांद्यांत ओढून घेतलेली. डोळे गच्च मिटलेले. उजवा हात पुढे, तळवा सपाट, बोटं ताठ आणि एकमेकांना चिकटलेली, मी शिकवली होती अगदी तशी. डावा हात पाठीमागे, त्यात फ्रॉकची मूठ. खडू मागणारं पोर असं बसत नाही. ती पट्टीची वाट बघत होती.

तिच्यामागे वर्ग दिसत होता. मामेभावानं एकही चेहरा सोडला नव्हता. ताटली मागे पडली होती, पण एकाही पोरानं मागे वळून पाहिलं नाही. सगळी पोरं माझ्या लेकीच्या हाताकडे बघत होती. आजींचा नातूही बघत होता. कुणाच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं, दया नव्हती, नवलही नव्हतं. खिचडीच्या रांगेत आपला नंबर यायची वाट बघावी, तसे ते चेहरे होते.

मग माझा हात बदामात शिरला. बांगड्या, ठेवणीतल्या साडीचे काठ, बोटांत खडू. तळव्याला खडू टेकला आणि ती खांद्यापासून दचकली. बासरी वाजत होती, त्यामुळे ते दचकणं लांबत गेलं, संपता संपेना. आधी तिनं एक डोळा उघडला. मग दुसरा. खडूकडे पाहिलं. आणि त्यावर, तिच्या डोक्याच्या वर, माझा चेहरा. मी हसत होते. इतकी छान हसत होते.

"अय्या, किती गोड!" माझ्या बाजूची नवी शिक्षिका म्हणाली. "शेवटी आई ती आईच," दुसरं कुणीतरी म्हणालं. दोघीतिघींनी टाळ्या वाजवल्या. मला तोंड लपवायला जागा नव्हती आणि लपवायचं कशासाठी हे कुणाला ठाऊकही नव्हतं. की होतं? मी गुरुजींकडे पाहिलं. ते चष्मा काढून रुमालाने पुसत होते. पुसतच राहिले. त्या अर्ध्या भिंतीपलीकडून त्यांनी इतके दिवस काय काय ऐकलं असेल, हे तेव्हा पहिल्यांदा माझ्या मनात आलं.

साहेबांनी टीव्ही बंद केला. नियम असा होता की ज्याचा पाठ त्यानेच आधी बोलायचं. "बोला बाई," ते म्हणाले, "तुम्हाला काय दिसलं?"

मी उभी राहिले. बोलायला हवं होतं. आता इतक्या वर्षांनी मनातल्या मनात मी तिथं शंभरदा बोलले आहे. तेव्हा म्हणाले, "फळ्यावरचं अक्षर जरा लहान पडलं."

"आणखी?"

"आणखी काही नाही."

साहेबांना दिसलं होतं का, हे मला आजवर कळलेलं नाही. मग कुणीतरी म्हणालं की हा पाठ तालुक्याच्या बैठकीत दाखवायला हवा, आईचं आणि शिक्षिकेचं नातं कसं असावं याचा नमुना म्हणून. मी घाईघाईने सांगितलं, सीडीवर ओरखडे आहेत, भावाकडून नीट करून आणते. दुसरं खोटं. बाहेर पडलो तेव्हा गुरुजी एवढंच म्हणाले, "बाई, पाऊस उघडलाय. निघू या."

सीडी मी कपड्यांच्या कपाटात साड्यांखाली सारली. पण घरी ते लपेना. लेकीनं रोज धोशा लावला. "तुमी सगल्यांनी पाह्यलं, मलाच नाय दाखवत." तिच्या बाबांनीही तिची बाजू घेतली. रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर ते म्हणाले, "अगं लाव ना, एवढं काय?" काय सांगणार होते मी? लावली.

फुलं पडली, सनई झाली, बापलेक खिदळले. मी स्वयंपाकघराच्या दारात पदराला हात पुसत उभी. हात कोरडेच होते. ताटली वाजली. बदाम आला. तिचे बाबा आनंदाने पुढे सरकले. "बघ बघ, कशी ऐटीत खडू मागते बाईंकडे!"

"मी खडू नाय मागितला," लेक म्हणाली. सहज. कुणी चुकीचा पाढा म्हटला तर दुरुस्त करावा तशी.

"मग काय मागितलंस?"

"ताटली पडली ना."

"पडली, मग?"

एवढं सांगूनही बाबांना कळत नाही, याचं तिला आश्चर्य वाटलं. तिनं माझ्याकडे पाहिलं, मी समजावून सांगेन म्हणून. माझा चेहरा त्या वेळी कसा झाला होता, मला माहीत नाही. तिथं कॅमेरा नव्हता. पण तिला त्यात काहीतरी दिसलं. तिनं मान वळवली, टीव्हीकडे बघितलं आणि बाबांना म्हणाली, "खडूच मागितला. मी विसरले." आणि मग घाईघाईने, "पुढे करा ना बाबा, पुढे टाळ्या हायेत."

ती माझ्यासाठी खोटं बोलली. चौथीतली पोर. बैठकीत मी माझ्यासाठी बोलले होते, तसंच सफाईने. हात पुढे करायला जसं तिला मी शिकवलं, तसं हेही माझ्याकडूनच आलं असणार. मी आत गेले आणि धुतलेली भांडी पुन्हा धुवायला घेतली. तिला जवळ घ्यावं असं फार वाटत होतं. पण काय म्हणून जवळ घेऊ, ते सुचत नव्हतं. एवढी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती, चारचौघांत नाही आणि एकटी असतानाही नाही.

शूटिंगच्या दुसऱ्याच दिवशी पट्टी टेबलावर परत आली होती. सोमवारी शाळेत गेल्याबरोबर मी ती उचलली आणि खिचडीच्या चुलीपाशी जाऊन आजींच्या हातात दिली. म्हणाले, "जाळा ही." आजींनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा पट्टीकडे. इतर लाकडांबरोबर ती आत सरकवली. त्या म्हणाल्या असत्या, मी तेव्हाच सांगितलं होतं, तर मला जरा हलकं वाटलं असतं.

वर्गात येऊन मी सांगितलं, "आजपासून पट्टी नाही. कुणालाच नाही. ताटली पडली तरी नाही." पोरं माझ्याकडे बघत राहिली. शेरा नाही म्हटल्यावर आम्ही साहेबांकडे बघितलं होतं, अगदी तशीच. लेक पुढच्या बस्करावर बसली होती, मान खाली, वहीवर समास आखत. तिनं वर पाहिलं नाही.

दुपार होत आली. मोहरीची फोडणी बसली, वास वर्गात आला. मी फळ्याकडे तोंड करून गणित लिहीत होते आणि मागे ताटली पडली. खणखणत फिरू लागली. मी वळले. वळताना जपून, सावकाश वळले. चेहऱ्यावर राग नव्हता, ही माझी खात्री आहे. हातात काही नव्हतं. खडूसुद्धा मी फळ्याच्या कडेला ठेवला होता.

लेकीचा हात पुढे आलेला होता. तळवा सपाट, बोटं ताठ, डोळे मिटलेले. सगळा वर्ग त्या हाताकडे बघत होता.

मी तिच्यासमोर फरशीवर बसले. तो हात माझ्या दोन्ही हातांत घेतला. तळवा थंड पडला होता. पट्टी जळली गं, असं सांगायचं होतं. मी तसाच तो धरून ठेवला. ती वाट बघत राहिली. बराच वेळ काहीच लागलं नाही, तेव्हा डोळे न उघडताच तिनं पाठीमागचा डावा हात काढला, तो त्याच्या शेजारी पुढे धरला आणि हळूच विचारलं, "बाई, हा पण?"